पाच तारांची जाऊ

पहिल्यांदा पोटात दुखलं ते एका रविवारी दुपारी, स्केटिंग हॉलच्या कठड्याला टेकून उभी असताना.

तसं थोरलीचं पोट भक्कम होतं. जाऊ उजळ आली, दुखलं नाही. जाऊ शिकलेली आली, दुखलं नाही. सासूबाई जावेच्या हातच्या चहाला ‘वा’ म्हणाल्या तेव्हा किंचित कळ आली, पण ती वायूवर ढकलता आली. त्या रविवारी मात्र धाकटीने बेस गिटारीच्या जाड तारेवर अंगठ्याने टोला मारला, लगेच तर्जनीने बारीक तार खेचून सोडली, आणि जो आवाज निघाला त्याने पायांत चाकं बांधलेली दीडशे माणसं एकदम वीतभर उजवीकडे झुकली. वर लखलखीत, खाली जमीन हलवणारा, मध्ये काहीच नाही. ह्या वाजवण्याला स्लॅप म्हणतात. थोरलीला नाव ठाऊक होतं. आवाज ठाऊक नव्हता.

चौदा वर्षं ती त्याच हॉलमध्ये बेस वाजवत होती. तिच्या वाजवण्यावर माणसं कधी झुकली नव्हती. पडली होती, पण ती आपली आपण.

*

बँड घरचाच. थोरलीचा नवरा कीबोर्डवर, दीर ड्रमवर, बेसवर शनिवारी थोरली आणि रविवारी धाकटी. थोरलीची गिटार चार तारांची. ती बोटांच्या पेरांनी मऊ वाजवायची. धाकटीची पाच तारांची. आठवड्यातले बाकीचे दिवस थोरली दातांच्या कवळ्या घडवायची आणि धाकटी शाळेची बस चालवायची. दोन वर्षं असं चाललं होतं. म्हणजे दोन वर्षं थोरली शनिवारी वाजवत होती आणि रविवारी जळत होती.

मग हॉलच्या व्यवस्थापकाने सांगितलं की नव्या मोसमापासून शनिवारी मशीनवरची गाणी लागतील. बँड फक्त रविवारी. बेसवाली एकच. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा.

“तुमचं तुम्ही ठरवा,” नवऱ्यानेही घरी येऊन तेच म्हटलं आणि पेपर तोंडासमोर धरला.

“भावजी, तुम्हाला काय वाटतं?”

“वहिनी, मला दोघी सारख्याच.”

“सारख्या कशा असतील? कान आहेत ना?”

“मी ड्रम वाजवतो, वहिनी. वीस वर्षं. कान कसले आता.”

राहिली धाकटी. ती हसून म्हणाली, “जाऊबाई, तुम्ही मोठ्या. तुम्ही म्हणाल तसं.”

ह्याच्यापेक्षा तिने तोंडावर शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मोठी म्हटलं की माणसाने काहीतरी सोडायचं असतं, हे थोरलीला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं. ह्या वेळी ती सोडणार नव्हती. मोसमाला पाच आठवडे होते. पाच आठवड्यांत पाच तारांची, हुबेहूब तोच स्लॅपचा आवाज देणारी गिटार शोधायची, ती घेऊन हॉलमध्ये उभं राहायचं, आणि मग म्हणायचं: आता ठरवा.

धाकटीला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात सगळं कळलं असतं. गिटार कुठली, तारा कोणत्या, आवाजाचे खटके कुठे ठेवतेस. पण विचारणं म्हणजे कबूल करणं. धाकटीची गिटार ज्या खोलीत असे त्या खोलीत थोरली केर काढायची, तो गिटारीच्या भोवतीने काढायची. दोन वर्षांत तिने तिला बोट लावलं नव्हतं.

*

पाहण्याची पद्धत.

कवळ्यांच्या कामात एक गोष्ट ती शिकली होती. रंग फसवतो. माणूस आरशात दात पांढरेशुभ्र बघून खूश होतो आणि घरी जाऊन भाकरी चावताना रडतो. म्हणून ती गिऱ्हाइकाला डोळे मिटून दात आवळायला सांगायची. तेच तिने इथे लावलं. दुकानात जायचं, पर्समधून काळा रुमाल काढायचा, डोळ्यांवर बांधायचा आणि म्हणायचं, “पाच तारांची कुठलीही द्या. नाव सांगू नका. किंमत तर मुळीच सांगू नका.”

एका दुकानात विक्रेतीने मालकाला बोलावून आणलं. एकाने विचारलं, बाई, बरं आहे ना? एका ठिकाणी तिच्या हाती चुकून सहा तारांची साधी गिटार आली. तिने तिच्यावर अंगठा आपटला, आणि तार तुटल्यावर सगळ्यांनाच कळलं.

कवळ्यांच्या वहीत मागच्या पानांवर तिने लिहून ठेवलेलं, तसंच:

क्र. १. बोलते छान पण ओठ न हलवता.

क्र. २. खालची तार म्हणजे भिजलेली सतरंजी.

३ आणि ४ एकच असाव्यात, दुकानदार माझी परीक्षा बघत होता. दोन्ही नको.

५. अंगठा चांगला, तर्जनी फुसकी.

क्र. ६. फार जड. खांदा गेला. आवाज ऐकायला शुद्ध राहिली नाही.

(सातवी लिहायची नाही. तिथे धाकटी भेटली. “जाऊबाई, तुम्ही इथे?” “यांच्यासाठी कीबोर्डचा स्टँड.” घरी स्टँड आणावा लागला. घरात आता तीन स्टँड.)

८. किणकिण. काचेची भांडी घासल्यासारखी.

९. हीसुद्धा.

क्र. १०. गोड. फार गोड. मांडीवर घेऊन थोपटावी अशी. पण माणूस झुकणार नाही, झोपेल.

११. पुन्हा किणकिण. ही असली गिटार करतात कशाला?

*

पाचव्या आठवड्यातल्या शुक्रवारी ती तारमामाकडे गेली. तारमामा गिटारी दुरुस्त करायचा, जुन्या सुट्या भागांतून नव्या जुळवायचा. सगळे वादक त्याला मामाच म्हणत. त्याची खोली एका शिवणकामाच्या दुकानावर होती आणि खालच्या मशीनच्या धडधडीने तिथे टांगलेल्या सगळ्या तारा सतत हलकेच गुणगुणत असायच्या. दार लावलं की ते थांबायचं. तारमामाने दार लावलं. थोरलीने रुमाल बांधला.

“मामा, पाच तारांची.”

“माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. रुमालवाली बाई म्हणतात तुला.”

“म्हणू देत.”

“ही धर. नवीन तारा चढवल्यात आजच.”

तिने गिटार मांडीवर घेतली. अंगठा. तर्जनी. पुन्हा अंगठा. थोडं खाली जाऊन पुन्हा.

“शी!”

“का गं?”

“पत्रा आहे नुसता. वर चमचे पडल्यासारखं, खाली कोणीतरी कपाट सरकवतंय. मध्ये पोकळ. आतलं मांस काढून घेतल्यासारखी.”

“अजून वाजव जरा.”

“नको. ही घेणाऱ्याला कान नसावेत.”

“अगं, नीट विचार करून बोल.”

“चौदा वर्षं विचारच करतेय. कोणाची आहे? कोणी टाकून दिली?”

“रुमाल काढ.”

तिने रुमाल काढला. गिटारीच्या अंगावर शाळेच्या पोरांनी चिकटवलेली चित्रं होती. बस. ससा. पुन्हा बस. सोंडेच्या जागी चाक असलेला हत्ती. दोन वर्षं ती ही चित्रं दुरून बघत होती.

थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तारमामा हसला नाही, हे त्याचे उपकार.

“मंगळवारी ठेवून गेली,” तो म्हणाला. “दांडीवरचे पडदे घासायला. गिटार मीच जुळवून दिली होती तिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.”

“मामा, ही ती नाही. त्या आवाजाला मी... तो आवाज असा नाही.”

“तो कुठे ऐकलास तू?”

“हॉलमध्ये.”

“भोवती काय होतं?”

तिने रुमालाची घडी घातली.

“ड्रम होते,” तारमामा बोटांवर मोजत म्हणाला. “तुझ्या नवऱ्याचा कीबोर्ड होता, आणि तो तर दोन्ही हातांनी सगळी जागा खातो. फरशीवर बाराशे चाकं होती. एवढ्या गर्दीतून जो आवाज वाट काढतो, तो एकटा बसवलास की चमच्यासारखाच वाजणार. गर्दीतून जाणारा माणूस कोपर काढून चालतो ना? रिकाम्या खोलीत कोपर काढून चालला तर वेडा दिसेल. तू पाच आठवडे दुकानांच्या बंद खोल्यांत बसून गोड बोलणारी शोधत होतीस.”

“म्हणजे ती आठवी. आणि नववी. अकरावी.”

“असेलही त्यांतली एखादी.”

“परत जाऊन बघते.”

“आठवी विकली गेली, मला माहीत आहे. बाकीच्या तू बघ.” मग त्याने धाकटीची गिटार पिशवीत घातली आणि चेन ओढली. “घरीच जातेयस ना? ही घेऊन जा. तिला फेरी नको उगाच.”

*

बाकीच्याही विकल्या गेल्या होत्या.

*

धाकटी शाळेच्या सहलीची बस घेऊन गावाबाहेर गेली होती, शनिवारी संध्याकाळी यायची होती. गिटार शुक्रवारी रात्रभर थोरलीच्या पलंगाखाली होती. नवऱ्याने विचारलं, ही काय पिशवी? ती म्हणाली, स्टँड. नवऱ्याने पुढे काही विचारलं नाही. स्टँडचा विषय घरात नाजूक झाला होता.

शनिवारी दुपारी, म्हणजे बँडच्या शेवटच्या शनिवारी, तिने हॉलमध्ये पिशवी उघडली. दिराने चित्रं पाहिली आणि काठ्या हवेतच धरल्या.

“वहिनी, ही तर...”

“तुम्हाला कान नाहीत म्हणालात. डोळे आहेत असंही दाखवू नका.”

पहिल्याच गाण्यात फजिती झाली. चार तारांची सवय. अंगठा आपोआप सगळ्यांत वरच्या तारेकडे जातो, पण पाच तारांच्या गिटारीत तिथे दुसरीच तार बसलेली असते, त्याहून खोल. तिने टोला मारला आणि विहिरीच्या तळातून कोणीतरी हाक मारल्यासारखं झालं. नवरा दचकला. स्केटिंग करणारा एक जाडा गृहस्थ कठड्याला येऊन धरून राहिला. तिने अंगठा एक तार खाली आणला. पुन्हा चुकला. पुन्हा आणला.

तिसऱ्या गाण्यात तो आवाज आला.

कालचा पत्रा, तेच चमचे, तेच कपाट. पण ड्रमचा ठोका एका बाजूने आला, कीबोर्ड दुसऱ्या बाजूने, आणि त्यांच्यामध्ये जी चिंचोळी फट होती तिच्यातून तो आवाज न घासता, न अडखळता सरळ बाहेर पडला. दोन वर्षं जो दुसऱ्याच्या अंगठ्यातून ऐकला होता तो स्वतःच्या अंगठ्याखाली. समोर माणसं वळणावर आली आणि झुकली. थोरलीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि तिसरीही एक गोष्ट आली, ती सांगायची तर: एवढं सुख धाकटी दर रविवारी घेत होती? दोन वर्षं? आणि घरी येऊन वर कुकर लावत होती, काही झालंच नसल्यासारखी?

पोट इतकं दुखलं की एक ठोका चुकला.

*

वाजवणं संपलं. थोरली खाली बसून वायर गुंडाळत होती. व्यवस्थापक वरच्या आपल्या खोलीतून उतरला. त्या खोलीला खिडकी होती, पण खिडकीत स्केटिंगच्या बुटांचे ढीग, त्यामुळे त्याला हॉल फक्त ऐकू यायचा. हातात चार-पाच तुटक्या नाड्या घेऊन तो नवऱ्यासमोर उभा राहिला.

“आज धाकट्या बाईंना बोलावलंत? छान केलंत. शेवटचा शनिवार सोन्याचा झाला. माझ्यापुरतं ठरलं हो. रविवार त्यांचा.”

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. दिराने छताकडे पाहिलं.

आता थोरली गप्प बसली असती तर? सगळं सरळ झालं असतं. धाकटीला रविवार मिळाला असता, मोठीने मोठेपणा केला असता, आणि घरातले पुरुष सुटले असते. कोणाला कधी कळलंही नसतं. पण वाजवलं हिने आणि कौतुक तिचं, हे तिच्याने गिळवेना. खरं बोलायला दर वेळी सचोटीच लागते असं नाही. जळफळाटावरही भागतं.

“मी होते,” ती म्हणाली.

“काय?”

“आज. बेसवर. मी होते.”

“छे हो. मी दोन वर्षं ऐकतोय. हाच आवाज होता.”

“आवाज हाच होता. अंगठा माझा होता.” आणि तिने अंगठा त्याच्या नाकासमोर धरला. बाजूला टपोरा फोड आला होता.

व्यवस्थापकाने फोड पाहिला, नाड्या पाहिल्या, पुन्हा फोड पाहिला.

“मग तुमचा रविवार,” तो म्हणाला. “मला काय, कोणीही या. फक्त आवाज हाच हवा. दुसरा चालणार नाही.”

*

बसच्या आगारात धाकटी पाइपने बस धूत होती. सहलीच्या पोरांनी आतून बाहेरून काहीतरी सांडलं होतं. थोरली पिशवी घेऊन पाण्याच्या कडेला उभी राहिली.

“मामाने पाठवली?”

“हो. काल.”

“काल,” धाकटी म्हणाली. पाणी एकाच चाकावर पडत राहिलं.

“आज मी वाजवली. हॉलमध्ये.”

“विचारलं नाहीत.”

“नाही.”

“दोन वर्षांत तुम्ही मला मीठसुद्धा मागितलं नाही, जाऊबाई. संपलं तर खाली दुकानात जाता.” तिने पाइप खाली टाकला. “कशी वाटली?”

“एकटीने वाजवली तेव्हा पत्रा.”

“आणि हॉलमध्ये?”

“तुला माहीत नाही?”

“मला कसं माहीत असणार? मी तिच्या मागे उभी असते. माझ्या कानाशी ड्रम. मला पत्राच ऐकू येतो! कठड्यापाशी उभं राहून मी कधी ऐकलंय? तिथे तुम्ही असता. तोंड वाकडं करून. मला वाटायचं, मी इतकी वाईट वाजवते का?”

थोरली बसच्या ओल्या पायरीवर बसली. आणि मग तिने सांगितलं. कुठल्या गाण्यात आवाज कसा येतो, वळणावर माणसं कशी झुकतात, अंगठ्यानंतर तर्जनी किती उशिरा सोडलीस की म्हातारी जोडपी हात धरतात, मागच्या मोसमात एका रविवारी तारा नव्या होत्या तेव्हा काय झालं आणि त्या जुन्या झाल्यावर काय गेलं. तिच्याइतकं बारीक कोणी ऐकलंच नव्हतं. प्रेमाने ऐकणारी माणसं एखादा सूर सोडून देतात. हिने एक सोडला नव्हता.

धाकटी ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी मऊ झाला, मग विचारात पडला, मग घट्ट झाला.

“मग मी गिटार देणार नाही,” ती म्हणाली.

“आँ?”

“इतके दिवस मला ठाऊकच नव्हतं माझ्याकडे काय आहे. आता ठाऊक झालं. आता कशाला देऊ?”

“पण रविवार माझा आहे. व्यवस्थापक म्हणाला.”

“माझ्या गिटारीवर मिळवलात.”

“माझ्या अंगठ्याने मिळवला. गिटार काय, आपली आपण वाजते?”

“मग अंगठा घेऊन जा हॉलमध्ये. नुसता.”

“तू मला मोठी म्हणतेस ना?”

“तोंडाने म्हणते.”

लग्न होऊन आल्यापासून धाकटी पहिल्यांदाच तिच्याशी भांडत होती, आणि थोरलीला नवलाने जाणवलं की आज पोट दुखत नाहीये. राग आला होता. राग किती हलका असतो.

“दे ना गं,” ती म्हणाली.

“हां. असं मागा.”

“मागितलं. दे.”

“अर्धी. मध्यंतरापर्यंत मी, नंतर तुम्ही.”

“मध्यंतरानंतर गर्दी ओसरते.”

“मग तुम्ही आधी.”

“आधी लोकांचे पाय मोकळे झालेले नसतात. नुसते कठडे धरून असतात.”

“मग आलटून पालटून. एका रविवारी तुम्ही आधी, पुढच्या रविवारी मी.”

“व्यवस्थापकाला काय सांगायचं?”

“त्यांना काय दिसतंय? बूट.” धाकटीने पाइप उचलला. “पहिला रविवार माझा आधी. गिटार माझी आहे.”

*

मोसमाचा पहिला रविवार. धाकटी आधी.

थोरली कठड्यापाशी उभी. गिटारीवर कोणत्या पडद्याशी तार जराशी खरखरते हे आता तिला ठाऊक होतं, आणि तिथे बोट जायच्या आधीच धाकटी ते कसं टाळते हेही तिने पाहिलं. पूर्वी ती नुसती जळायची. आता कळून जळत होती, आणि कळून जळलं की जास्त चटका बसतो.

“कोण वाजवतंय?” शेजारी बूट बांधत असलेल्या बाईने विचारलं.

“माझी जाऊ.”

“काय वाजवते हो!”

“हं.”

चौथ्या गाण्यात धाकटीने नवीनच काही केलं. अंगठ्याचा टोला मारला आणि तर्जनी सोडलीच नाही. एक ठोका कोरा ठेवला. वळणावरची सगळी माणसं झुकायच्या बेतात तशीच थांबली, एका पायावर, हवेत. मग तिने तार सोडली.

हे तिला कोणी सांगितलं? थोरलीनेच सांगितलं होतं, बसच्या पायरीवर बसून. तर्जनी उशिरा सोडलीस की काय होतं ते. धाकटीने ते उचललं आणि आणखी उशीर केला.

थोरलीने कठड्यावर अंगठा आपटून पाहिला. एक कोरा ठोका तर तीही ठेवेल. नाही, दोन. दोन ठेवले तर माणसं पडतील का? पडू देत. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मध्यंतराला अजून बावीस मिनिटं होती, आणि ती मेली दर गाण्याला आणखीच छान वाजवत चालली होती.